ओली चुंबळ

जाड्या मिठाच्या बरणीला ओल सुटली की मिठागराचा तो वास येतो आणि मला हातातलं काम सुचत नाही. पासष्ट वर्षं झाली, तरी.

पनवेलच्या शाळेत उद्योगाच्या तासाला बाई बजावत, "ज्याच्यासाठी वस्तू करता, त्याला आधी वापरायला द्या, आणि स्वतःही वापरून बघा." नववीत मी मिठागरातल्या बायकांसाठी कापूस भरून चुंबळ शिवली, टोपलीखाली डोक्यावर मऊ लागावी म्हणून. वर लाल रेशमाची वेलबुट्टी काढली.

बाई मला खाडीकाठी घेऊन गेल्या. मीठ वाहणाऱ्या हिराबाईने चुंबळीवर टोपली घेऊन चार खेपा केल्या. ती कधी कौतुक करते म्हणून माझा पाय एका जागी ठरेना. ती परतली तेव्हा टोपलीतून झिरपलेल्या पाण्याबरोबर लाल रंग तिच्या कपाळावर ओघळला होता.

"आता काय बदलशील?" बाईंनी विचारलं.

"पक्क्या रंगाचा धागा घेईन."

हिराबाईने चुंबळ पिळली. धारच लागली. "मऊ हाय, पन पानी पिऊन जड होते. तूच घे डोक्यावर."

टोमणा समजून मी ती दप्तरात कोंबली. बाई वर्षभर शिकवत होत्या तेच हिराबाई सांगत होती, आणि पुढच्या खेपेची भरलेली टोपली तिथेच, माझ्या पायाशी होती.