हुरड्याच्या राखेतली अंगठी आणि दोन डिटेक्टर

बुधवारी सासरे येणार आणि त्यांनी लग्नात दिलेली सोन्याची अंगठी माझ्या बोटात नाही! एवढ्या एका कारणासाठी मी रविवारी सकाळी सातला सदाशिव पेठ सोडली. आदल्या रविवारी खडकवासल्याच्या पुढे एका शेतात मित्रांबरोबर हुरडा खायला गेलो होतो. तिथे 'मी चोळतो' अशी हौस आली, अंगठी काढून कणसं भाजायच्या आगटीच्या कडेला ठेवली आणि खाण्यात विसरलो. बायकोला सांगायची माझी काय बिशाद!

सोबत खडकीचा मित्र कांबळे. त्याच्याकडे धातू शोधायचा सिंगल-फ्रिक्वेन्सी डिटेक्टर, माझ्याकडे भाड्याचा मल्टी-फ्रिक्वेन्सी. जाणार असाल तर सिंहगड रोडने लवकर निघा, नंतर सगळं पुणं तिकडेच वळतं. धरणाजवळ चहा फक्कड, भजी तेलकट.

शेतमालकीण सखूबाई म्हणाल्या, "खणा की, पर ज्वारी तुडवू नका. सोनं गावलं तर निम्मं माझं हाय."

कांबळेचं यंत्र हलकं, स्वस्त. मोकळ्या रानात त्याने लगेच एक खिळा आणि बाटलीचं झाकण शोधलं. पण आगटीजवळची भाजलेली माती लागताच ते लग्नघरातल्या आत्यासारखं सगळ्यावरच बोलायला लागलं. माझं मल्टी एकदम अनेक फ्रिक्वेन्सी सोडतं, म्हणून मातीची बडबड बाजूला काढू शकतं. खांदा मात्र भरून आला.

अखेर एक स्वच्छ आवाज आला.

"खणू नकोस," पडद्याकडे बघत कांबळे म्हणाला. "हा आकडा सोन्याचा नाही. पितळ असणार."

मी खणलंच. अंगठी माझीच होती! खुरप्याचा ओरखडा पडला होता आणि आत पिवळंधम्मक पितळ.

"मशीन चुकत असेल," कांबळे पुटपुटला.

सखूबाईंनी निरखून पाहिलं. "ऱ्हाऊ द्या सायेब, माझं निम्मं तुमालाच."

बावीस वर्षं सणासुदीला मिरवली हो मी ही! असा संताप आला की परतीच्या वाटेवर सासऱ्यांसाठी एकाहून एक टोमणे जुळवले.

तर घ्यावं कोणतं? छंद म्हणून सिंगल पुरे. आगटी, ओली माती असेल तर मल्टीच.

बुधवारी आप्पा, म्हणजे सासरे, जेवायला बसले. माझ्या अंगठीवरच्या ओरखड्याकडे नजर गेली आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "तेव्हा जमलं ते दिलं हो."

 टोमणा एकही आठवेना.

"सोनंच आहे, आप्पा. मशीन लावून खात्री केली आहे."

"कसलं मशीन?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.