बडीशेपेची बरणी

माझा नवरा श्रीनिवास पुण्यात झुरळ दिसलं तरी मला हाक मारायचा. आणि इथे सिडनीत, पॅरामॅटाच्या ऑफिसातल्या ग्लेनच्या नादी लागून या बाबाने ससे मारायला बंदुकीचं लायसन्स काढलं! ऑरेंज गावाजवळ ग्लेनच्या वडिलांचं शेत आहे, तिथे सशांनी नुसता उच्छाद मांडलेला. तीन संध्याकाळी बिळांपाशी बडीशेपेच्या वासाचं तेल लावलेले ओट्स टाकायचे, ससे निर्धास्त झाले की चौथ्या दिवशी बंदूक. ऐकूनच मला कसंतरी व्हायचं. तरी डबे भरून द्यायचे मीच.

ऑगस्ट २०२०. कोविडमुळे दुकानात ते बडीशेपेच्या वासाचं तेल मिळेना. हा गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. मी कपाटातली बरणी काढली. सासूबाईंनी फेब्रुवारीत पुण्याला परत जाताना आमच्या इथल्या, गिरावीनच्या घरातल्या ओट्यापाशी उभं राहून, लिंबू-सैंधव लावून भाजलेली बडीशेप. अर्धी उरली होती.

"अगं, आईची आहे ती," तो म्हणाला.

"मग? पुढच्या वर्षी आई येतीलच की! अजून भाजतील."

सगळी मिक्सरमधून काढून ओट्समध्ये कालवून दिली. वर बरणीही लगेच घासून टाकली, माझा मेलीचा उरक!

त्या खेपेला अकरा ससे मिळाले. ग्लेन खूश.

एप्रिल २०२१ मध्ये सासूबाई कोविडने गेल्या. बॉर्डर बंद. याने सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं, रडला नाही. तेराव्याला जेवण झाल्यावर कपाट उघडून नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "कौमुदी, आईच्या हातचं खायला घालून मारले गं मी."

सासूबाईंची सवयच होती. घरी आलेल्या कुणालाही, अगदी कुरियरवाल्यालासुद्धा, तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत.

मी चार वेळा बडीशेप भाजून पाहिली. दर वेळी तो हुंगायचा आणि मान हलवायचा. मग दर वीकेंडला शेतावर जायला लागला. बंदूक घरीच. म्हणे ससे अजून त्याच जागी येतात, समोर बसून राहतात, पळत नाहीत. "वाट बघतात गं."

"डोकं फिरलंय तुझं!" मी ओरडले.

जूनमध्ये लॉकडाऊन लागला. आता तो रोज संध्याकाळी ती रिकामी बरणी उघडून नाकाशी धरायचा. मला बघवेना. सप्टेंबरमध्ये मला कोविड झाला आणि माझा वासच गेला. गॅसवर दूध करपलं तरी मला पत्ता नाही, श्रीनिवासनेच धावत येऊन गॅस बंद केला.

नोव्हेंबरमध्ये सिडनीबाहेर जायला परवानगी मिळाली. हा पहाटे निघाला तो दुपारी उशिरा आला. बरणीत बिळाजवळची लाल माती, गच्च भरलेली. माझ्या नाकाखाली धरली.

"बघ गं. मला बडीशेपेचा वास येतोय, पण भास असेल. तू सांग."

बरणी रिकामी केली होती मी. कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते? लांब श्वास घेतला. कशाचाच वास नाही.

"येतोय," मी म्हटलं. "लिंबाचासुद्धा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला अजून वास येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग माझा हात हातात घेतला, आणि तळहातावर चिमूटभर माती ठेवली.