पहिलं ताट परक्याचं

शहरातली चार पोरं गाडी घेऊन निघतात, रस्ता चुकतात आणि कुठल्याशा गावात शिरतात. गावात एक देवी असते, झाडाला चिंध्या बांधलेल्या असतात, एक म्हातारी असते. म्हातारी सांगते, बाबांनो, तिकडं जाऊ नका. हे जातात. बूट घालून देवीच्या ओट्यावर चढतात, नैवेद्य उचलून खातात, शेंदूर फासलेल्या दगडासोबत सेल्फी काढतात. आणि मग मेले की थिएटरभर हळहळ. अरे वा! गावानं तीनदा नाही म्हटलं होतं, त्याचं काय?

असले पिक्चर मला पूर्वी आवडायचे, खोटं कशाला बोलू. देशी, परदेशी, सगळे बघायचे. पण मी कायम गावाच्या बाजूनं. नवरा चिडवायचा, "तू भुताची वकील आहेस का गं?" भुताची नाही, गावकऱ्यांची. त्यांचं पीक गेलेलं असतं, लेकरं दगावलेली असतात, त्यांनी त्यांच्या देवाला काहीतरी बोललेलं असतं. ते काय, हे कुणी विचारत नाही. शेवटी पाट्या येतात तेव्हा त्यांना नावंसुद्धा नसतात. गावकरी एक, गावकरी दोन.

हे सगळं मला आतून लागतं, कारण माझी आई तशीच म्हातारी आहे.

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, फर्दापूरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. फाट्यावर जुनी विहीर आहे आणि विहिरीच्या काठाला सात आसरा. म्हणजे पाण्याच्या सात देवी, सात दगड शेंदूर लावलेले. त्यांना हिरव्या बांगड्या, फणी, दहीभात. ही राखण आमच्या घराकडं, आजीनंतर आईकडं. माघातल्या शेवटच्या मंगळवारी आसरांचं जेवण असतं आणि त्याचा एकच नेम आहे. पहिलं ताट परक्याचं. जो आज आला आणि दिवस मावळायच्या आत जाणार, ज्याला गावात निजायचं नाही, असा वाटसरू आधी जेवायचा, मग गाव. वाटेवरचा माणूस उपाशी गेला तर विहीर आटते, असं आमच्याकडं मानतात. म्हणून आई सकाळपासून पितळी ताट घेऊन फाट्यावर उभी राहते. पुरणपोळी, येसराची आमटी, दहीभात. गाडी थांबली की हात जोडून म्हणते, "घ्या. पहिला घास तुमचा, मग आमचा." परका जेवेपर्यंत तिच्या पोटात पाण्याचा थेंब जात नाही. हल्ली गावातली बाकी माणसं गुपचूप बिस्किटं खातात. आई नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या मंगळवारी तिघं तरुण थांबले. मोठी गाडी, कॅमेरा, एक बारीक केस कापलेली पोरगी. पोटभर जेवले. पोरीनं तर दुसरी पोळी मागून घेतली, आई इतकी खूश झाली की तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती पोरगी वहीत काहीबाही लिहीत होती. विचारलं तर म्हणाली, आम्ही पिक्चर करतो, गावं बघत फिरतोय. आणि इथं मी शेण खाल्लं. मीच बसले सांगत. आसरा काय, नेम काय, आई काय म्हणते, सगळं. वर म्हटलं, "दाखवा ना हे. आमच्याकडचं चांगलं कुणी दाखवतच नाही." असं म्हणाले मी! माझ्या ह्याच तोंडानं.

पिक्चर आला मागच्या दिवाळीनंतर. मी वाळूजला कंपनीत तपासणी विभागात आहे, तिथल्या मैत्रिणींसोबत रविवारी दुपारी मॉलमध्ये गेले. मला वाटलं होतं आईला फोन करून सांगीन, बघ, तुझी विहीर आली. आली की! फाट्यावर म्हातारी, हातात पितळी ताट. हिरवं लुगडंही आईसारखंच. हीरो गाडी थांबवतो, म्हातारी दात विचकून हसते आणि म्हणते, "पहिला घास तुमचा." मागून ढोल. तो जेवतो, मग विहिरीतून सात बाया केस सोडून वर येतात, त्याला ओढून नेतात आणि गाव नाचतं. म्हणे परक्याचा बळी दिला की विहीर भरते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शेजारची मैत्रीण पॉपकॉर्न खाता खाता म्हणते, "तुमच्या फुलंब्रीकडं असतं का गं असलं?" मी उठून बाहेर आले. बाहेर तरी काय करणार, पार्किंगमध्ये उभी राहून रडले.

जिनं पोटभर खाऊ घातलं तिलाच डाकीण केलं. त्या पोळीची तरी लाज वाटायला पाहिजे होती.

आईला काही सांगितलं नाही. तिला कुठं पिक्चर बघायचाय, म्हटलं. यंदाच्या मंगळवारी मी सुट्टी टाकून सकाळीच गाडीनं गेले. गेल्या गेल्या सांगितलं, "आई, सहाला निघते हं, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे." ती म्हणाली, "व्हय, जा की." आणि ताट घेऊन फाट्यावर उभी राहिली. सत्तरी उलटलेली बाई, साखरेचा आजार. सकाळची गोळी पोटात काही असल्याशिवाय घेता येत नाही, त्यामुळं गोळी पदराला बांधलेली.

पहिली गाडी हळू झाली. काच खाली आली, ताट दिसलं, काच वर गेली. दुसऱ्या गाडीतल्या लेकरानं आईला बघून भोकाडच पसरलं. मग दोन मोटरसायकलींवर कॉलेजची पोरं आली. "अबे, वोहीच बुढ्ढी है! थाली भी वोहीच!" मोबाइल काढले. "खाता क्या? मरेगा साले!" खी खी करत गेली. मी दगड उचलला होता, खरंच मारला असता.

"काय म्हनाली गं पोरं?" आईनं विचारलं.

"काही नाही. घाई आहे म्हणाली."

"जेवनाला कसली मेली घाई?"

बारा वाजले, दोन वाजले. आईला घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी म्हटलं, साखर उतरली असेल, गुळाचा खडा तरी खा. नाय म्हणाली. भावजयीनं ताट दोनदा गरम करून आणलं. मी स्वतः ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ट्रकवाल्यानं हॉर्न मारून मला बाजूला काढलं. चार वाजता ती दगडावर बसली ती उठेचना. माझा धीर सुटला.

"अगं, कुणी थांबणार नाही आता!" मी ओरडलेच. "मागं ते तिघं जेवून गेले ना, त्यांनी पिक्चर काढला. तू माणसं मारतेस असं दाखवलं. सगळ्यांनी बघितलाय. आणि त्यांना हे सगळं मी सांगितलं, आई, मी!"

 आई म्हणाली, "ती पोरगी जेवली व्हती ना पोटभर?"

"जेवली होती."

"मग झालं तर."

मला इतका राग आला! झालं काय? कुणाला शिव्या द्याव्यात तेच कळेना. ती आपली सूर्याकडं बघत होती.

"तू सहाला निघतीस ना?"

"आई, तू आधी काहीतरी खा. मग निघते."

"निघतीस का नाय ते सांग."

"निघते. पण..."

तिनं भावजयीला हाक मारली. पाट मांडायला लावला, विहिरीच्या काठाला, परक्यासाठी मांडतात तिथं. मला हाताला धरून त्यावर बसवलं.

"अगं, मी इथली आहे!" मी म्हटलं. "मी कशी चालेन?"

"जल्म इथला. पन आज आलीस, आज चाललीस. इथं निजतीस का? किती वर्सं झाली?"

 मुक्काम करून किती वर्षं झाली ते मलाच आठवत नव्हतं. परकी म्हणून ती रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती रागावलेली नव्हती. नेम पाळायला माणूस पाहिजे होतं आणि मी त्यात बसत होते.

आईनं पदर सारखा केला, ताट माझ्यापुढं ठेवलं आणि हात जोडले. जन्मात कधी मला अहो-जाहो न केलेली बाई म्हणाली, "घ्या, ताई. पहिला घास तुमचा, मग आमचा."

मी घास तोंडात घातला. तेव्हा कुठं तिनं पदराची गाठ सोडून गोळी काढली आणि जेवायला बसली.