चुन्याचा डाग

म्हशीचं कातडं चुन्याच्या पाण्यात मुरलं की त्याचे केस हातानंही निघतात. मग मांसाकडची बाजू खरवडायची, खुंट्या ठोकून ताणायचं, वाळवायचं आणि कापण्याआधी पुन्हा ओलं करायचं. वास असा की पाहुणे दारातूनच खुशाली विचारतात. या कातड्याच्या वाद्या कापून, त्या वेणीसारख्या गुंफून आम्ही बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे करतो आणि अड्याळच्या बाजारात विकतो. बाबांचा जन्म त्यातच गेला.

कातड्याचं गोल चकतं घ्यायचं आणि कडेनं आत आत फिरत एकच लांब वादी काढायची. बाबांच्या उजव्या हातात रापी, आणि तिच्यासमोर डावा अंगठा. पात्यापासून अंगठा जेवढा लांब, तेवढी वादी रुंद. पट्टीनं त्यांनी कधी मोजलं नाही. सुटलेलं टोक धरून ओढायचं काम माझं.

दोन-तीन वर्षांपूर्वी वाद्या बिघडायला लागल्या. इथं जाड, तिथं बारीक. सगळा ताण बारीक जागेवर येतो आणि पट्टा तिथंच तुटतो. कुणाच्या बैलाची घुंगरं वाटेत सांडली, कुणी पट्टा आणून अंगणात फेकला. बाबा माझ्यावर घसरले.

"तुयं ध्यान कोठी रायते वं? ओढून राहिली का झोपून राहिली?"

"मी बराबर ओढून राहिली, बाबा. तुमचाच हात सरकते."

मग आमच्यात अबोला. काम काही थांबत नव्हतं, तेव्हा मी तोंड फुगवून ओढत होते.

हात बधिर झालेत, असं ते अधूनमधून म्हणायचे. मनगटाजवळ फिकट डागही होता. आई, बाबा आणि मी, तिघांनीही ठरवून टाकलं की हा चुना. चुन्यात हात घालणाऱ्याला डाग पडायचेच, आजोबांनाही होते. आई त्यावर खोबरेल चोळत राहिली.

एका सकाळी ओढता ओढता वादी माझ्या हातात लाल यायला लागली.

"बाबा, रगत येऊन राहिलं ना!"

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं.

"कोनाचं?"

त्यांचा अंगठा नखाखाली उघडा पडला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला इतकी भीती वाटली की फडकं सापडेना.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोक दोन्ही तळहातांवर जागोजागी टेकवलं. बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं, "सुरू केलं का, मॅडम?" आईनं तोंड फिरवलं. कुष्ठरोग होता. तो गोळ्यांनी बरा होतो, आणि झालाही. दोन्ही हातांतली गेलेली जाणीव मात्र आता येणार नाही, लवकर यायला हवं होतं, असं बाई म्हणाल्या. तो सगळा वेळ आम्ही चुन्याला दोष देण्यात घालवला, याची चीड मला अजून येते.

आता रापी माझ्याकडे आहे. आई बाबांपुढे चहा ठेवून जाते आणि ते मला आतून हाक मारतात.

"पाह्य वं बाई, गरम हाय का?"

मी कपाला बोट लावते. "हाय, बाबा," म्हणते. आणि ते दोन्ही हात मांडीवर ठेवून, मी "आता घ्या" म्हणेपर्यंत बसून राहतात.