पेडलवर मामीचा पाय

माझा मामा तीस वर्षं ब्रेकची कामं करतोय आणि त्यातली सव्वीस वर्षं पेडलवर मामीचा पाय आहे. गाडीखालून पान्याचा एक ठोका आला की तिने पेडल दाबून धरायचं, दोन आले की सोडायचं. मध्ये बोलायचं नाही. घरात हा नियम चालत नाही, याचं मामाला फार वाईट वाटतं.

त्या दिवशी शाळेची बस आली होती. शाळा टेकडीवर, रस्ता तीव्र उताराचा. मी शाळेत कारकून, म्हणून ड्रायव्हरबरोबर मलाच धाडलेलं. साडेतीनला मुलं सुटणार होती.

मामाने पुढच्या चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकची तबकडी आवळणारे चिमटे, दोन्ही एकदम उतरवले, आतली रबरं बदलली आणि परत बसवले. मग पाइपातली हवा काढायला ठोके सुरू झाले. चारही चाकांच्या निपलमधून, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या तोटीतून, आधी बुडबुडे आले, मग नुसतं तेल. तीन वाजले. मामा हात पुसत बाहेर आला, पण मामी उतरेना.

"पेडल अजून मऊ लागतंय," ती म्हणाली.

ड्रायव्हरने तिला उतरवून स्वतः दाबून पाहिलं, त्याला ठीक वाटलं. मामालाही. बुडबुडा एक शिल्लक नाही, डोळ्यांनी पाहिलंय, असं तो म्हणाला. मीही घड्याळाकडे बघत बहुमताच्या बाजूने गेलो. ड्रायव्हरने किल्ली मागितली. मामी परत सीटवर चढून बसली.

"तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, मी पायाने बघतेय. हिच्यात चाळीस मुलं बसतात."

मामा पुटपुटत पुन्हा खाली सरकला. पुटपुट एकदम थांबली. मी वाकून पाहिलं. टॉर्चच्या उजेडात निपल कॅलिपरच्या खालच्या अंगाला दिसत होता. तो वर असायला हवा. उजवा कॅलिपर डावीकडे गेला होता, डावा उजवीकडे. तेल खालून निघत राहिलं आणि हवा वर ठाण मांडून बसली.

"अगं, अदलाबदल झाली. माझ्याकडून," मामा खालूनच म्हणाला.

वरून नुसतं "हं" आलं.

मी शाळेत फोन करून मुलांना थांबवायला सांगितलं. मुख्याध्यापिका काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही. कॅलिपर उतरले, जागच्या जागी बसले, ठोके पुन्हा पहिल्यापासून. सव्वाचारला मामी न बोलता खाली उतरली. तेवढं पुरे होतं.

मामा मात्र माझ्याबरोबर बसमध्ये चढला. मुलं भरून उतार उतरताना, पुढे काही पेडल नसूनही, प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय बसच्या पत्र्यात रुतत होता. खालच्या चौकात बस हवी तिथे अलगद थांबली. मामाने कपाळ पुसलं.

"मामीला फोन लाव," तो म्हणाला. "सांग, कडक आहे."