आईचा हात आणि माझा चुडा

आमचं घर वडूजच्या कासारांचं. आई लग्नघरी जाऊन नवरीला हिरवा चुडा भरायची. तिच्या हातून बांगडी वाढली, म्हणजे फुटली, असं कुणी ऐकलं नव्हतं. पुढं तिचा उजवा हात कापायला लागला. मांडीवर असला की गप्प, बांगडी उचलली रे उचलली की थरथर सुरू. लोकांना ते सोंग वाटायचं. एका लग्नात नवरीच्या हातावरच बांगड्या लागोपाठ फुटल्या. अपशकुन म्हणून बायकांनी तोंडं फिरवली आणि आईला बोलावणी यायची बंद झाली. त्या बायकांचा मला अजून राग येतो.

माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीनं परस्पर दुसरी कासारीण सांगून ठेवली. आई आत जाऊन रडली. मी सरळ सांगितलं, चुडा भरेल तर आईच, नाहीतर लग्न राहू दे!

सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुण येत नव्हता. शेवटी ते म्हणाले, मुंबईत एक नवीन ऑपरेशन होतंय. मेंदूत बारीक तार घालतात, छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवतात आणि तिच्या करंटनं हाताचं कापणं थांबतं. नातेवाईक हबकले. मिलिटरीतल्या दादानं मात्र कुणाचं न ऐकता आईला मुंबईला नेलं.

ऑपरेशनच्या वेळी आईला जागंच ठेवलं होतं, कारण हात थांबला का ते तिच्याकडून काम करून घेऊनच कळणार होतं. मी बाहेर बाकावर देव आठवत होते. आतलं सगळं नंतर नर्सनं हसत सांगितलं. करंट सोडून डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, तर आई म्हणाली, "गिलास ऱ्हाऊ द्या वो, त्या पोरीचा हात द्या हिकडं." नर्सचा हात घेऊन तिनं अंगठा आत दुमडला, सांधे दाबून पाहिले आणि जाहीर केलं, "हिला सव्वादोनची बांगडी बसंल." आईचा हात जराही हलला नव्हता.

चुड्याच्या दिवशी मांडवात बायकांची ही गर्दी! त्यांना आईचा हात बघायचा होता. मावशीची कासारीणही पेटी घेऊन बसली होती, लागलीच तर म्हणून. आईनं माझा हात मांडीवर घेतला. बांगड्या सरसर चढत गेल्या, एकही वाढली नाही. मला हुंदका आवरेना, सगळं अंग हलायला लागलं.

शेवटची बांगडी बोटांशी धरून आई साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आगं, हात सैल सोड की. आता तुजा कापाय लागला व्हय?"