बाबांसाठी सीताअशोक, कृष्णधवल

माझ्या बाबांना तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. जन्मापासूनच. रेल्वेतली नोकरी डोळ्यांच्या तपासणीत गेली ती त्यामुळेच, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. मला मात्र एका गोष्टीचं फार वाटायचं. दर वर्षी सीताअशोक तांबड्या-केशरी गुच्छांनी फुलला की आम्ही तिघं झाडांच्या नावांच्या पाट्या लावलेली मोठी बाग बघायला जायचो. आई झाडाखाली हरखून उभी राहायची आणि बाबा नुसत्या पानांकडे बघून "छान, छान" म्हणायचे. लग्नातल्या पांचट मठ्ठ्याला म्हणावं तसं.

यंदा ठरवलं, बाबांना तो बहर दाखवायचाच. माझ्याकडे जुना फिल्मचा कॅमेरा आहे, रोल मी घरीच धुते. कृष्णधवल फोटोत रंगच नाहीत, म्हणजे बाबा आणि आम्ही सारखेच! काय डोकं चालतंय, म्हणून मीच माझी पाठ थोपटली. सकाळी कोथरूडहून स्कूटर काढली आणि मान मोडेस्तोवर त्या झाडाचे फोटो काढले.

फोटो तयार झाले आणि बघते तर काय, फुलं गायब! पानं राखाडी, फुलंही तशीच राखाडी, सगळं गिचमिड. अस्सा संताप आला म्हणता!

"एवढा खटाटोप करून पाला आणलास होय?" आई म्हणाली. तिला अशी संधी सोडवत नाही.

मी तणतणत तो फोटो बाबांसमोर आपटला. त्यांनी तो नीट पाहिला. "का गं? चांगला आलाय की. अगदी असंच दिसतं ते झाड."

मी चाटच पडले. म्हणजे ते जन्मभर हे बघत आलेत? पण दुसऱ्याच क्षणी उडी मारावीशी वाटली, कारण फिल्मच्या या दुखण्यावर इलाज आहे! भिंगापुढे लाल काच लावली की तांबडं उजळतं आणि हिरवं काळवंडतं. आभाळाचे फोटो काढताना मी तीच काच वापरते, पण फुलांसाठी म्हणून ती डोक्यातच आली नव्हती. अक्कल माझी!

बहर ओसरायच्या आत पुन्हा बाग गाठली. झाडाखाली फुलांचा सडा पडायला लागला होता, पण फांद्यांवर अजून भरपूर होती. घरी येऊन बाथरूममध्ये अंधार केला, कागद रसायनात सोडला आणि श्वास रोखून बसले. आधी काळी पानं आली. मग त्यांच्यामधून पांढरेशुभ्र गुच्छ, एक, आणखी एक, अगं बाई, फांदीभर! "आली, आली!" म्हणून मी अशी ओरडले, की आईला वाटलं पाल पडली अंगावर.

बाबांनी फोटो हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही सगळी फुलं?"

"हो."

"एवढी असतात?" ते बराच वेळ बघत राहिले. "मला वाटायचं, दोन-चार असतील. तुम्ही लोक उगाच वाढवून सांगता."

ते उठून बूट घालायला लागले. "चला, अजून ऊन आहे."

झाडाखाली ते फोटो डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. खोड जुळवलं, खोडाला जिथे दोन फांद्या फुटतात ती जागा जुळवली. आई बोट दाखवायला पुढे झाली.

"थांब, सांगू नकोस. मी शोधतो."

त्यांनी हात वर केला, पानांत चाचपलं आणि गुच्छ अलगद ओंजळीत घेतला. "सापडला! अगं, इकडे ये, हा बघ!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

इतकी वर्षं त्यांना ती फुलं दाखवत आलेली माझी आई डोळे बारीक करून झाडाकडे बघत म्हणाली, "कुठे हो? मला नाही दिसत. दाखवा ना."